आवाज फुटला रे

बंड्या,

आठ महिने ना फोन ना मेसेज, शिव्या घालशीलच, त्या भेटल्यावर घाल. माझी शुगर आहे तिथेच आहे.

चिनूचा आवाज फुटतोय. परवा रियाजात तार सा लावायला गेला आणि असा चिरकला की तो स्वतःच खो खो हसत सुटला. मला हसू येईना. मनात आलं, हा असाच राहायला हवा होता रे.

आणि त्याच रात्री यूट्यूबवर काय सापडावं, तर मोरेस्की! व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपलमधला कास्त्रातो, म्हणजे आवाज फुटू नये म्हणून पोरपणीच खच्ची केलेला गवय्या. 1902 आणि 1904 च्या तबकड्या आहेत, खरखर नुसती, पण मधेच सूर खालून हुंदक्यासारखा चढतो ना, बाईचा नाही, पोराचाही नाही, अंगावर काटाच आला. मग तीन वाजेपर्यंत वाचत बसलो. चर्चमध्ये बायकांनी गायचं नाही म्हणून हे उद्योग, शस्त्रक्रिया करणारा धर्माबाहेर, आणि पोर तयार झालं की त्याला नोकरी देणार पुन्हा चर्चच! बर्नी नावाचा इंग्रज 1770 मध्ये इटलीभर विचारत फिरला की हे करतात कुठे, तर मिलानवाले व्हेनिसकडे बोट दाखवायचे, व्हेनिसवाले बोलोन्याकडे, असं करत थेट नेपल्स. आमच्या सोसायटीत पाणी कोण सोडतं विचारलं की होतं तसं. घरचे सांगायचे, घोड्यावरून पडला. फारिनेल्लीसारखा एखादा स्पेनच्या राजाला रोज रात्री गाणं ऐकवायला जाऊन बसायचा, बाकीचे लांबलचक हातपाय घेऊन कुठल्यातरी गावच्या चर्चमध्ये.

त्या बापांना राक्षस म्हणणार होतो. पण सर म्हणाले सहा महिने वर गाऊ देऊ नका, निदान पट्टी उतरवा, आणि मी काय केलं, तर जानेवारीच्या स्पर्धेचा फॉर्म भरलाय म्हणून महिनाभर त्याला त्याच पट्टीत रेटतोय. घसा बसला तर हिला सांगितलं, आइस्क्रीम खाल्लं असेल.

तुझं गॅदरिंग आठवलं. मी पेटी चुकीच्या पट्टीत धरली असं तू आजही म्हणतोस, पांढरी चारच होती, शपथ. पण त्यानंतर तू गायलाच नाहीस, आणि मी कधी विचारलंही नाही.

वहिनींचा गुडघा बरा ना? फ्लॅटचं पझेशन मिळालं का?

रविवारी ये. फॉर्म अजून मागे घेतलेला नाही. चिनूशी तू बोल, मी आत चहा टाकतो.

तुझाच,
पक्या