शोभेचे पाम बियांपासूनच वाढवावेत

महोदय,

पावसाळ्याच्या तोंडावर शहर सुशोभीकरणाच्या निविदा निघतात आणि रस्तादुभाजकांवर, उद्यानांच्या प्रवेशद्वारांशी किंवा नव्या गृहसंकुलांच्या आवारात लावण्यासाठी चांगल्या पुरुषभर उंचीच्या तयार पामना मागणी येते. ही झाडे लांबच्या रोपवाटिकांतून ट्रकने येतात, क्रेनने खड्ड्यांत उतरवली जातात आणि बांबूंच्या टेकूवर उभी राहतात. त्यांतली काही पुढच्या उन्हाळ्यात वाळतात आणि पुन्हा नवी खरेदी होते. पाम लावावेत की सावली देणारी झाडे लावावीत, हा वाद मी येथे उकरून काढत नाही (पादचाऱ्यांच्या वाटेवर सावलीचेच झाड हवे, असे माझेही मत आहे). परंतु जेथे पाम लावायचे ठरलेच आहे, तेथे ते बियांपासून वाढवलेले आणि लहान वयातच कायमच्या जागी लावलेले असावेत, एवढेच मला सांगायचे आहे.

याचे कारण या झाडांच्या घडणीतच आहे. आंब्याचे कलम बांधता येते, जास्वंदीची फांदी मातीत खोचली तरी जगते. पामच्या बाबतीत यांतले काहीच साधत नाही. पाम ही एकदलिकित (बियात एकच दल असलेली) वनस्पती असून तिच्या खोडात, वर्षागणिक जाडी वाढवणारा आणि जखम भरून काढणारा ऊतींचा थर नसतो, शिवाय प्रत्येक खोडाला वाढीचा कोंब शेंड्याशी एकच असतो. त्यामुळे रॉयल पाम, बॉटल पाम किंवा फॉक्सटेल पाम अशा एकखोडी जातींची नवी रोपे रोपवाटिकेत बियांपासूनच होतात. बेटाने वाढणाऱ्या अरेका पामचे फुटवे वेगळे करता येतात, पण तेही बराच काळ मरगळलेले राहतात. क्रेनच्या साखळीने खोडाला पडलेला घाव म्हणूनच जन्मभर तसाच राहतो. दिवाळीच्या रोषणाईसाठी दुभाजकांवरील पामना खिळे ठोकणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यायला हवे. मुळांचे म्हणाल, तर ती खोडाच्या बुंध्यातून नव्याने फुटत राहतात आणि उपटताना तुटलेल्यांपैकी बरीचशी मरून जातात, म्हणून मोठे झाड हलवल्यावर ते दीर्घकाळ तग धरण्यातच शक्ती घालवते.

याहून गंभीर बाब किडीची आहे. नारळ बागायतदारांना सोंड्या भुंगा नव्याने सांगायला नको. त्याच्या अळ्या खोडाच्या आत राहून गाभा पोखरतात आणि बाहेर लक्षण दिसेपर्यंत झाड बहुधा हातचे गेलेले असते. मूळचा आपल्या दक्षिण आशियाकडचा हा भुंगा १९८०च्या दशकात आखाती देशांतील खजुराच्या बागांत आणि १९९०च्या दशकात स्पेनमध्ये पोहोचला, तो मुख्यतः खजुराचे फुटवे आणि शोभेचे मोठे पाम यांच्या वाहतुकीतून. स्वच्छ केलेल्या बियांबरोबर ही कीड येत नाही. ज्या कोकणात नारळावर घरे चालतात, त्या कोकणाच्या वेशीवर बाहेरून मोठी झाडे आणून उतरवताना हा धोका निविदेत कोठेही विचारात घेतलेला दिसत नाही.

बियांपासून पाम वाढवणे अवघड आहे, हा समज मुख्यतः शिळ्या बियांमुळे झाला आहे. शोभेच्या पामपैकी अनेकांचे बी वाळले की मरते, म्हणून पाकिटातले जुने बी घेण्यापेक्षा झाडाखाली नुकतेच पडलेले पूर्ण पिकलेले फळ उचलावे. गर दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून, रोज पाणी बदलून, जाड वाळूत चोळून काढावा, कारण गर राहिला तर रुजण्यास अटकाव होतो आणि बुरशी व मुंग्या येतात त्या वेगळ्याच. भेरली माड या आपल्याकडच्या पामची फळे मात्र हातमोजे घातल्याशिवाय हाताळू नयेत. त्यांच्या गरातील कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक त्वचेत शिरून जबरदस्त आग होते. बी उन्हात न वाळवता कोकोपीट आणि रेती समप्रमाणात मिसळून त्यात उथळ पेरावे, शेडनेटखाली ठेवावे आणि मिश्रण दमट राखावे; ते एकदा पूर्ण सुकून पुन्हा भिजले तर फुगलेले बी दगावते. पामच्या बियांना ३० अंश सेल्सिअसच्या आसपासची ऊब मानवते, म्हणून कोकणात आणि देशावर मार्च ते जून हा काळ उत्तम. अरेका आणि रॉयल पाम साधारणतः दोन-तीन महिन्यांत उगवतात. बॉटल पाम, फॉक्सटेल आणि भेरली माड यांना अनेक महिने, कधी वर्षही लागते. नारळाच्या रोपवाटिकेत पाच महिन्यांत न रुजलेला नारळ बाजूला काढण्याची रीत आहे. ती येथे लावली तर चांगले बी कचऱ्यात जाईल. पहिले पान गवताच्या पात्यासारखे दिसते म्हणून माळ्याने ते तण समजून उपटू नये, आणि रोप पिशवीत लावताना त्याला चिकटलेले बी तोडू नये, कारण रोप अजून त्याच्यावरच पोसले जात असते.

शिंदी आणि ताड यांची तऱ्हा निराळी आहे. त्यांच्या बियांतून निघालेला कोंब आधी जमिनीत खोल जातो आणि मग तेथून पान वर येते, म्हणून उथळ कुंडी त्यांना चालत नाही. शिंदीला उंच पिशवी द्यावी. ताड तर थेट जागेवरच पेरावा. हे दोन्ही आणि भेरली माड आपल्याकडचेच वृक्ष आहेत, आणि देखणेपणात परदेशी पामच्या तसूभरही मागे नाहीत. भेरली माडाच्या माशाच्या शेपटीसारख्या पानांनी कोकणातले मांडव सजतात, त्याची फळे उदमांजरे खातात. एकदा फुलू लागला की वरून खाली तुरे देत तो अखेर मरतो, ही त्याची उणीव नियोजनात धरावी लागेल.

परदेशी पामचेही बी इथल्या झाडांवरूनच मिळते. कार्यालयांच्या दारात दिसणारा बॉटल पाम मूळचा मॉरिशसच्या उत्तरेकडील राउंड आयलंड या बेटावरचा. तेथे माणसाने सोडलेल्या शेळ्या आणि सशांनी रोपे खाऊन टाकल्याने जुनी झाडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती; १९७९ पर्यंत शेळ्या आणि १९८६ मध्ये ससे हटवल्यावर पुन्हा रोपे दिसू लागली. बागांमध्ये या पामचा त्याच्या नात्यातील स्पिंडल पामशी संकर होतो, तेव्हा दोन्ही शेजारी असतील तेथले बी घेऊ नये.

माझी विनंती अशी की महानगरपालिका व नगरपालिकांच्या उद्यान विभागांनी आपापल्या रोपवाटिकेत पामच्या बियांसाठी गादीवाफे राखावेत, आणि त्यासाठी रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्रासारख्या संस्थांचा सल्ला घ्यावा. रोपे जागेवर लावण्याजोगी व्हायला दोन-तीन वर्षे जातील, शिवाय पामचे रोप उंच होण्याआधी बुंधा भरत असल्याने प्रारंभी वाढ थांबल्यासारखी वाटेल. ठेकेदाराच्या करारात म्हणूनच झाडांच्या उंचीची अट काढून तीन वर्षांच्या निगेची अट घालावी. तोवर निदान एक काम बिनखर्चाचे आहे. रॉयल पामखाली पडणारा जांभळट फळांचा सडा आज झाडून कचरागाडीत जातो. तो वेगळा गोळा करून रोपवाटिकेत पोहोचवावा, असे आदेश उद्यान विभागांनी सफाई कर्मचाऱ्यांच्या मुकादमांना द्यावेत.

— एक वाचक, रत्नागिरी