रेडिएशन संपले, गिळण्याचे काय?

महोदय,

अण्णांच्या घशाच्या कर्करोगावर 35 वेळा रेडिएशन झाले. गाठ गेली, फाइल हातात मिळाली. गिळण्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. घरी दुधात कुस्करलेली भाकरीही अडकायची आणि साध्या पाण्याने जोराचा ठसका लागायचा. आम्हाला वाटे, पाणी तरी सोपे असेल!

पुढे एका वाचा-उपचारतज्ज्ञ (बोलण्याच्या आणि गिळण्याच्या अडचणींवर उपचार करणाऱ्या) बाईंनी उलगडून सांगितले. पातळ पाणी झरकन श्वासनलिकेत उतरू शकते. अण्णांना पेजेसारखे दाटसर सोपे जाईल. रेडिएशनने लाळ आटते, घशाचे स्नायू ताठरतात, वापरले नाहीत तर आणखी आखडतात. म्हणून गिळण्याचे व्यायाम उपचारांच्या आधीपासूनच सुरू करायचे असतात. कधीकधी तर ठसका न लागताही अन्न फुप्फुसात जाते. हे कळेपर्यंत चार महिने गेले होते. अण्णांचे वजन 11 किलोंनी उतरले होते, न्यूमोनियाही होऊन गेला होता.

रेडिएशनची सोय असलेल्या प्रत्येक रुग्णालयात असा तज्ज्ञ हवाच, आणि त्याची भेट पहिल्या दिवसाआधी व्हावी.

आता अण्णा मऊ वरणभात तूप घालून जेवतात. हनुवटी खाली झुकवून, एक घास दोनदा गिळत. पाऊण तास लागतो, पण पंगतीला बसतात.

– एक वाचक, सातारा