बाबांच्या फोनची मर्यादा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी 'हं, हं' करत फोन आईकडे दिला असता आणि आईने विषय कैरीच्या लोणच्यावर नेला असता. म्हणून लिहितेय.

मागच्या खेपेला ठाण्याला आले तेव्हा बाबांच्या फोनवर मर्यादा घातली. आता दिवसाला पाच हजारांच्या वर पैसे जाणार नाहीत. आईला माहीत होतं, पण तिच्यावर चिडू नका, मीच गप्प बसवलं होतं. दूध, औषधं, गोखले रोडची खरेदी, गडकरीला नाटक, सगळं त्यात भागतं. मोठी रक्कम असेल तेव्हा चेक द्या. नाहीतरी चेक लिहायला तुम्हाला आवडतंच.

बाबा, तुम्हाला व्यवहार कळत नाही असं मला चुकूनही वाटत नाही. एका रुपयाचा फरक शोधायला तुम्ही रात्र जागवलेली मी पाहिली आहे. मला काळजी आहे ती नेमकी त्याचीच. बेफिकीर माणूस 'उद्या बघू' म्हणून फोन ठेवून देतो. जन्मभर सरकारी कागदाला मान दिलेला माणूस मात्र ऐकत राहतो. शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकांचे पैसे फोनवरच्या खोट्या पोलिसाने नेले, ते काय अडाणी होते?

१९६१ साली येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी एक प्रयोग सुरू केला. पलीकडच्या खोलीतला माणूस चुकला की विजेचा झटका द्यायचा, दर वेळी वाढवत. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. करडा कोट घातलेला एक जण शांतपणे 'चालू ठेवा' म्हणत होता. चाळीसपैकी सव्वीस जण ४५० व्होल्टपर्यंत गेले. चांगली, साधी माणसं होती ती. घाम फुटत होता, तरी कळ दाबत होती.

आता कोटाच्या जागी पडद्यावर खाकी वर्दी आली आहे. तो तुमचा आधार नंबर वाचून दाखवतो, कसल्याशा पार्सलचं नाव घेतो आणि बजावतो, कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कोणाला सांगायचं नाही. सांगितलंत तर आई एवढंच म्हणेल, "अहो, काहीतरीच काय!" आणि त्याचा सगळा खेळ तिथेच आटोपेल. खरं सांगू, त्या लोकांना आईचीच भीती असते. याला ते 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात, पण तसलं काही आपल्या कायद्यात कुठेच नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करत नाहीत.

आई, हसू नकोस, तुझाही नंबर आहे. एकच वाक्य पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते खरं वाटायला लागतं, खोटं असलं तरी. १९७७ साली लिन हॅशर आणि तिच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिलं. तुझा दुधीचा रस भिशीच्या ग्रुपवर आला, मग माहेरच्या, मग योगाच्या. झालं, बीपीची गोळी बंद! मेसेजवर दोन बाण दिसले की तो पुष्कळ हात फिरून आलाय एवढंच समज. गोळी चालू ठेव. रस आवडतो तर पी, मी नको म्हणत नाही.

तिसरीत होते तेव्हा तुम्ही दोघं कामावर गेलात की मी दाराला साखळी लावून बसायचे. बाबांनी बजावलेलं, "काकाचं नाव सांगितलं तरी उघडायचं नाही." कंटाळा यायचा, रडूही यायचं, पण साखळी काढली नाही कधी. तेवढंच आता माझं ऐका.

अनोळखी व्हिडिओ कॉल उचलायचाच नाही. कोणी 'आत्ताच्या आत्ता' म्हणालं की फोन ठेवायचा आणि मला लावायचा, मी मीटिंगमध्ये असले तरी. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावायचा. लाजायचं नाही, 'पोरीला कशाला त्रास' असलं काही मनात आणायचं नाही. नंदूमामाच्या वेळी आपण सगळे गप्प बसलो, ते पुन्हा नको.

पाच हजार अगदीच कमी पडत असतील तर दहा करू. पण मला विचारून. आणि आत्यासमोर यातलं काही काढू नका, ती उद्या सगळ्या डोंबिवलीला सांगेल.

बाबांचा चष्मा झाला का? बिल चार हजारांचं असेल तर फोनवरूनच द्या.

तुमची,
चिमू