चुन्यात शिजलेला मका: शिकागोच्या गिरणीवाल्या मावशींचे जाहीर आभार

आदरणीय मावशी,
सप्रेम नमस्कार.

लिटल व्हिलेज या शिकागोच्या मेक्सिकन वस्तीतल्या तुमच्या गिरणीने आम्हा मराठी मंडळींना नुसतं दळून दिलं नाही, दळण्याआधीचं सगळं समजावून दिलं. त्याबद्दल हे जाहीर आभार. स्पॅनिश प्रत वेगळी देतोच आहोत. मराठीत लिहितो आहोत ते मका चुन्यात शिजवून, दळून तोर्तिया (मक्याच्या पातळ पोळ्या) करायची तुमची रीत आमच्या लोकांच्या स्वयंपाकघरात नीट पोचावी म्हणून.

अमेरिकेत 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर हा हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषिकांच्या, वारशाचा महिना. 1968 साली तो आठवडा होता, 1988 मध्ये महिना झाला. 15 सप्टेंबर हा ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर, निकाराग्वा आणि कोस्टा रिकाचा स्वातंत्र्यदिन, तर 16 तारीख मेक्सिकोची. बहुतेक ठिकाणी हा महिना झेंडे, मारियाची (मेक्सिकन वाद्यवृंद) आणि टाकोंवर निभावून नेतात. तुम्ही लोकांपुढे चुन्याचं पातेलं ठेवलंत. ग्वाटेमालाच्या दक्षिण किनाऱ्यावर चुन्यात मका शिजवल्याच्या खुणा इसवी सनापूर्वी 1500 ते 1200 च्या सुमाराच्या आहेत, म्हणजे स्पेनची जहाजं यायच्या कितीतरी आधीच्या. ‘हिस्पॅनिक’ म्हणून मिरवलं जाणारं पुष्कळसं मुळात नाहुआ, माया, पुरेपेचा या तिथल्या मूळ जमातींच्या बायकांच्या हातचं आहे, हे तुम्ही दरवेळी ठासून सांगता. सांगायलाच हवं.

तुमचं प्रमाण जसंच्या तसं देतो. 1 किलो वाळलेला पांढरा मका, 3 लिटर पाणी, 10 ग्रॅम खाण्याचा चुना. स्वीटकॉर्न चालत नाही, लाह्यांचा मकाही नाही. चुना मक्याच्या वजनाच्या 1 टक्का, आणि तो काट्यावरच मोजायचा. पानाचा चुना रासायनिकदृष्ट्या तोच, पण त्यात पाणी किती हे कळत नाही, म्हणून खाण्यायोग्य कोरडी पूड घ्यावी. भिंतीला लावायचा चुना अजिबात नको. कळीचा चुना तर हातच भाजेल. पातेलं स्टीलचं, ॲल्युमिनियमला चुना खातो.

चुना गार पाण्यात कालवून मग पातेल्यात ओतायचा. मका पडला की पाणी पिवळं होतं. खळखळ उकळू न देता, उकळी फुटायच्या बेतात 30 ते 45 मिनिटं ठेवायचं. मका नवा की जुना यावर वेळ बदलते, म्हणून घड्याळापेक्षा दाणा बघावा: बोटांत चोळला की साल सुटते, आणि दातांनी तोडला तर मध्ये खडूसारखा पांढरा ठिपका उरलेला असतो. तो ठिपका गेला म्हणजे मका जास्त शिजला, पीठ चिकट होणार. गॅस बंद करून, झाकण ठेवून 8 ते 12 तास तसंच राहू द्यायचं.

खरी चूक होते ती धुताना. आपल्याकडे धान्य पाणी नितळ येईपर्यंत धुवायची सवय. इथे तसं केलं तर सालीतून सुटलेला चिकटपणाच वाहून जातो आणि पोळीच्या कडा फुटतात. अजिबात न धुतलं तर साबणाची चव येते. पिवळं पाणी ओतून टाकायचं, एक-दोनदा हलक्या हाताने खळबळायचं, थोडी साल राहू द्यायची. तुम्ही आमच्या हातातून चाळणी काढून घेत होतात, ते बरोबरच होतं.

मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला सहजी मिळत नाही. चुन्यात शिजवलं की ते मोकळं होतं. युरोपने मका नेला, चुन्याचं पातेलं मात्र मागेच राहिलं. 1735 मध्ये स्पेनच्याच अस्तुरियासमध्ये गास्पार कासाल या वैद्याने गरीब मकाखाऊ शेतकऱ्यांच्या अंगावरच्या लाल चट्ट्यांची नोंद केली. तो पेलाग्रा, नायसिन कमी पडल्याने होणारा रोग. पुढे उत्तर इटलीत आणि अमेरिकेच्या दक्षिणेत त्याने हजारो माणसं मारली. मेक्सिकोत मात्र मका खाऊनही हा रोग क्वचितच दिसे.

दळणाबद्दल थोडं. बसाल्टच्या चाकांना तुम्ही स्वतः टाकी लावता, हे आम्हाला विशेष वाटलं. जात्याला टाकी लावणारे आता आमच्याकडेही दिसेनासे झालेत. खाचा बुजल्या की दगड दाणा कापत नाही, नुसता रगडून तापवतो. घरच्या मिक्सरमध्ये पाणी फार घालावं लागतं आणि पीठ सैल होतं. मग त्यात थोडी तयार मासा हारिना (चुन्यात शिजवलेल्या मक्याचं कोरडं पीठ) मिसळावी. भारतातल्या दुकानातलं मक्याचं पीठ चुन्यातून गेलेलं नसतं, त्याच्या तोर्तिया दाबल्या की तुटणारच. 1 किलो मक्याचा जवळजवळ 2 किलो गोळा होतो.

30 ग्रॅमची गोळी, दोन प्लास्टिकच्या कागदांत दाबायची. कागदाला चिकटली तर पाणी जास्त, कडा चिरल्या तर कमी. तवा कडकडीत. पहिली बाजू 10 ते 15 सेकंद, दुसरी 30 ते 40, मग पुन्हा उलटली की फुगायला हवी. फुगली नाही तर तवा थंड, दळण जाड किंवा गोळा कोरडा, याच क्रमाने शोधावं.

मेक्सिकोच्या मक्याशी आमचंही एक नातं आहे, ते तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीतून परागंदा होऊन 1920 च्या दशकात मेक्सिकोला पोचले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या संकरावर काम केलं आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा उभ्या केल्या. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराच्या भित्तिचित्रातही ते आहेत. मेक्सिको सिटीला गेलात तर शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत नक्की शोधा.

शेवटी तमालेंचं, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेल्या मक्याच्या पिठाचं. जाडसर दळण, फेटलेली चरबी, आणि पाण्यात टाकलेली गोळी तरंगली की पीठ तयार. आमच्यातल्या शाकाहारी मंडळींसाठी तुम्ही डुकराच्या चरबीऐवजी लोणी फेटलंत, तेही वेगळ्या भांड्यात, न सांगता. लोणी खारवलेलं (सॉल्टेड बटर) असेल तर मीठ निम्मं करायचं, हे लिहून ठेवलं आहे. आता पोझोलेचा (मक्याच्या अख्ख्या दाण्यांच्या रश्श्याचा) मका शिकायचा आहे. दाण्याचं टोक खुडायला माणसं आम्ही पाठवू.

आपली आभारी,
शिकागो परिसरातली मराठी स्वयंपाकी मंडळी