वाचन शिकवणे एकट्या भाषाशिक्षकाचे काम नाही

सहावी ते आठवीच्या मुलांना धड वाचता-लिहिता येत नाही, याचे खापर भाषेच्या शिक्षकांवर फोडणारा लेख (रविवार पुरवणी) वाचला. निदान बरेचसे बरोबर आहे, दोषारोप मात्र एकतर्फी वाटला. या वयात अनेक मुलांचे अडते ते अक्षरांपाशी नव्हे, तर मजकुराच्या विषयापाशी. रेक्ट आणि लेस्ली या अमेरिकी संशोधकांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्यावरचा उतारा वाचायला दिला होता. वाचनात कच्ची, पण खेळ जाणणारी मुले तो उतारा वाचनात पक्क्या, पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा चांगला सांगू शकली. मग प्रकाशसंश्लेषणाचा धडा कसा वाचावा, हे भाषेच्या तासाला कोण शिकवणार?

विज्ञानाची एखादी उत्तरपत्रिका पाहा. ‘कारणे द्या’चे उत्तर चक्क ‘त्यामुळे’ने सुरू होते, कारण धड्यातले वाक्य तसे असते आणि मुलाने ते जसेच्या तसे उतरवलेले असते. त्याला गुणही मिळतात! त्याऐवजी धडा संपल्यावर पुस्तक मिटवून, स्वतःच्या शब्दांत चार वाक्ये लिहून घेतली, तर कोणाला काय कळले ते तिथल्या तिथे दिसते. अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई असते, हे मान्य. पण याला पाच-सात मिनिटेच लागतात. विज्ञान, इतिहास, भूगोलाच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात याचा समावेश व्हावा. नुसत्या भाषेच्या तासिका वाढवून भागणार नाही.

– एक विज्ञान शिक्षक