विषय : वासोट्याचे पैसे घेऊन सज्जनगडावर नेल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

तुमच्या कस्टमर केअरचा फोन आत्ताच ठेवला. यापुढे फोनवर बोलणार नाही, जे काय आहे ते लेखी.

'वासोटा जंगल ट्रेक, एक दिवस', डिसेंबरातला रविवार, माणशी 1,850 रुपये, सहा जणांचे 11,100. त्यात काय काय येतं ते तुम्हीच छापलंय : वनखात्याची परवानगी, बामणोलीहून बोट जाऊन-येऊन, वाटाड्या, नाश्ता, दुपारचं जेवण. साताऱ्यात राहून पुण्याच्या कंपनीकडे पैसे का भरले, असं तुमच्या माणसांनी मला विचारून झालंय. सांगतो. मित्र सांगलीचे, एक तर बेंगळुरूहून सुट्टी काढून आला होता. बोट ठरवा, परवानगीच्या मागे लागा, ही कटकट नको म्हणून पैसे मोजले.

पहाटे पाचची वेळ दिली होती. पोवई नाक्यावर कुडकुडत उभे होतो, गाडी आली साडेसातला. वासोटा म्हणजे तासाच्या वर बोट, मग दोन-अडीच तासांची जंगलातली चढण, आणि संध्याकाळच्या आत परत बोटीत बसावंच लागतं. हे तुम्हाला मी सांगायचं? तरी गप्प बसलो. गाडी बामणोलीकडच्या यवतेश्वर घाटाला न लागता बोगद्यातून सज्जनगडाच्या रस्त्याला लागली, तेव्हा मात्र उठून पुढे गेलो. लीडर माईक घेऊन म्हणतो, "फॉरेस्टची परमिशन आज बंद आहे, पण आपण एक सरप्राईज गड करतोय!"

मी तिथूनच बामणोलीच्या ओळखीच्या बोटवाल्याला फोन लावला. मागे इंजिनाचा आवाज येत होता. "बोटी चालल्यात की. तुमच्या कंपनीचं बुकिंगच न्हाई हिकडं." फोन लीडरच्या हातात दिला, तर तो म्हणे रेंज नाही. माझ्याच मोबाईलवर, आत्ता बोलणं झालेल्या फोनला!

सज्जनगडाबद्दल माझी तक्रार नाही. समर्थांची समाधी आहे, मी तिथे दर्शनाला जातो, पाहुणे आले की नेतो, आईला नेतो. गाडी जवळजवळ वर जाते, उरतात त्या पायऱ्या. त्या पायऱ्यांपाशी तुमच्या लीडरने शिट्टी वाजवून आम्हाला वॉर्म-अप करायला लावला. शेजारून नऊवारीतल्या आजी नारळाची पिशवी घेऊन चढून गेल्या, आम्ही अजून गुडघे वर उचलत होतो. वर गेल्यावर खालचं उरमोडी धरणाचं पाणी दाखवून तो पुण्याच्या पाहुण्यांना म्हणाला, "हे बघा, कोयनेचं बॅकवॉटर." सगळ्यांनी फोटो काढले.

आणि जेवण. तुमच्या पॅकेजातलं 'दुपारचं जेवण' म्हणजे संस्थानाच्या महाप्रसादाची पंगत. तिथे कुणालाही फुकट वाढतात. गव्हाची खीर उत्तम होती, पण ती तुमची नव्हती. देवाच्या दारच्या अन्नाची बिलं फाडणारी कंपनी मी तरी पहिल्यांदा पाहिली.

आता आजचा फोन. तो तुमच्याकडे रेकॉर्ड होतो म्हणता, तर एकदा बसून ऐकाच.

"सर, आमच्याकडे तुमचा ट्रेक कम्प्लीटेड दाखवतोय."
"कुठला?"
"फोर्ट ट्रेक, सर."
"वासोटा बुक केला होता."
"हो सर, पण सज्जनगडसुद्धा फोर्टच आहे ना?"
"बरं. मग बोटीचे पैसे कुठे गेले?"

यावर होल्ड. तुमच्या होल्डवर पक्ष्यांचा किलबिलाट वाजतो, बहुधा जंगलाचा फील यावा म्हणून. पॅकेजातलं जंगल आमच्या वाट्याला आलं ते एवढंच. मग बाई परत आल्या : "सर, बोट ऑप्शनल होती."

ऑप्शनल! मग कोयनेचा शिवसागर जलाशय पोहून जायचं होतं का? (कोकणातल्या चोरवण्यातून वासोटा बोटीशिवाय होतो, ठाऊक आहे. पण चोरवण्याला जायला सज्जनगडाच्या पायऱ्या लागत नाहीत.) मी म्हटलं, साहेबांना द्या. साहेब काही आले नाहीत, त्यांचा निरोप आला : "सर, तुम्ही लोकलच आहात ना? मग वासोटा तुम्हाला काय, कधीही होईल."

म्हणजे मी साताऱ्यात राहतो म्हणून माझे पैसे तुमचे? बेंगळुरूचा मित्र लोकल नाही, त्याची सुट्टी संपली, तो गेला. पावसाळ्यात वासोटा बंद असतो, हे तरी साहेबांना माहीत आहे का? आणि बोटीचे पैसे कुठे गेले, याचं उत्तर अजून मिळालेलं नाहीच.

अटींमध्ये 'अपरिहार्य कारणास्तव ठिकाण बदलण्याचा अधिकार' आहे, वाचलंय. मग ते अपरिहार्य कारण तेवढं एकदा ठरवून घ्या. लीडर म्हणतो परवानगी बंद, फोनवर सांगतात बोट ऑप्शनल, ई-मेलमध्ये लिहिता हवामान. आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. आमच्या ऑफिसातल्या पोराने त्याच दिवशी वासोट्याच्या बाबू कड्यावरचे फोटो टाकलेत, तो काय हेलिकॉप्टरने उतरला?

भरपाई म्हणून 200 रुपयांचं कूपन पाठवलंत, तेही शनिवार-रविवार सोडून. नोकरदार माणसाने मंगळवारी ट्रेक करावा.

वाईट याचं वाटतं की, तुमच्याबरोबर कळसूबाई केला होता तेव्हाचा लीडर मागे राहिलेल्या एका काकांची सॅक स्वतःच्या पाठीवर घेऊन चढला होता. त्याच्या भरवशावर मित्रांना तुमचं नाव सांगितलं. आता ते मला 'सज्जन' म्हणून हाक मारतात.

पूर्ण 11,100 रुपये 15 दिवसांत परत हवेत. नाश्त्याच्या पोह्यांचे कापायचे तर खुशाल कापा. सोबत त्या तारखेच्या परवानगीसाठी केलेल्या अर्जाची आणि बोटीच्या बुकिंगची प्रत पाठवा. असेल तर. नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी जिथे राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते, एवढ्या रकमेला फी नाही, वकीलही लागत नाही. म्हणजे तारखेला तुम्हालाच साताऱ्याला यावं लागेल. मी काय, लोकलच आहे. बोटीच्या पैशांचा हिशेब तिथे द्या.

सातारा येथील ग्राहक
(बुकिंगची पावती सोबत जोडली आहे)

ता.क. : तुमच्या पानावर 'वासोटा, डिसेंबर बॅच' म्हणून जो ग्रुप फोटो टाकलाय, त्यात डावीकडून तिसरा मी आहे आणि मागे सज्जनगडाचा दरवाजा आहे. फोटो आजच्या आज काढा. स्क्रीनशॉट मी घेऊन ठेवलाय.