स्थावरकाचा प्रवेश कापू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीत नुकताच ‘मृच्छकटिक’चा, म्हणजे शूद्रकाच्या संस्कृत नाटकाच्या मराठी अवताराचा, प्रयोग पाहिला. पदे रंगली, वन्समोअर मिळाले. पण वेळ वाचवायला स्थावरकाचा मुख्य प्रवेशच गाळला होता. मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले. ही कात्री मला मान्य नाही.

स्थावरक हा राजाचा मेहुणा आणि नाटकाचा खलनायक शकार याचा गुलाम, त्याची गाडी हाकणारा. मूळ नाटकाच्या आठव्या अंकात शकार त्याला सोन्याची कडी देऊ करतो, सोन्याचे आसन, पानात उरलेले सगळे अन्न, नोकरांवरचा अधिकार. तो सगळ्याला हो म्हणतो. नायिका वसंतसेना या गणिकेला मारायची आज्ञा होते तेव्हा मात्र सांगतो, धन्याची सत्ता माझ्या शरीरावर आहे, चारित्र्यावर नाही. मार खातो, पण हात उचलत नाही. पुढे तिच्या खुनाच्या खोट्या आरोपावरून तिचा प्रियकर चारुदत्त याला वधस्थानी नेताना, बेड्या घालून माडीवर कोंडलेला हा माणूस खिडकीतून उडी टाकतो आणि भर रस्त्यात खरे सांगतो, की तिचा गळा शकारानेच दाबला. शकार त्याला चोर ठरवतो. झाले, धन्याचे खरे मानले जाते! गुलामाच्या साक्षीला किंमत नाही हे शूद्रकाने इतक्या उघडपणे मांडले, आणि आपण नेमके तेच कापतो.

वसंतसेनेची दासी मदनिका हिला दास्यातून सोडवण्यासाठी तिचा प्रियकर शर्विलक घर फोडतो, तो भाग मात्र राहतो, कारण चोरी बघायला मजा येते. हरिश्चंद्राच्या नाटकांतही काशीच्या बाजारात तारामती विकली जाते तेव्हा प्रेक्षक रडतात, ते राणीसाठी. त्याच बाजारात रोज विकल्या जाणाऱ्या बायकांचे कुणी विचारत नाही.

हे सारे आपल्यापासून दूरचे नाही. पेशवाईत कुणबिणी, बटकी, म्हणजे गुलाम बायका, विकत घेतल्या जात; दप्तरांत नोंदी आहेत. १८४३ च्या एप्रिलमध्ये कायदा झाला, की ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात गुलामावरची मालकी कोर्टाने मानायची नाही. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केले; तोच दिवस आपण रंगभूमी दिन मानतो.

‘मृच्छकटिक’ मराठीत आणणारे देवल हरिपूरचे, म्हणजे नाटक आपल्या घरचे. येत्या रंगभूमी दिनाला जी संस्था ते करील, तिने हवी तर दोन पदे कमी करावीत, पण स्थावरक पूर्ण ठेवावा आणि ते काम नवख्या पोराला न देता कसलेल्या नटाला द्यावे. नाटकाच्या शेवटी स्थावरकाची दास्यातून सुटका जाहीर होते, तेही वाक्य गाळू नये.

आपली,
एक निवृत्त संस्कृत शिक्षिका,
हरिपूर, सांगली